बनारसच्या राजानं इंग्लंडमधल्या एका खेड्याला विहीर खोदून दिली होती, तिची गोष्ट

इंग्रजांनी भारतात काय काय बांधलं याची यादी आपल्याला शाळेतच पाठ झालेली असते. रेल्वे, पोस्ट, तारायंत्र, कालवे, पूल. पण एखाद्या भारतीय माणसानं इंग्लंडच्या खेड्यात जाऊन, म्हणजे स्वतः न जाता, तिथल्या गोरगरिबांना प्यायला पाणी मिळावं म्हणून पैसे पाठवले आणि विहीर खणून घेतली, असं कुणी सांगितलं तर पहिल्यांदा ते व्हॉट्सॲप फॉरवर्डच वाटेल.

पण ही गोष्ट खरी आहे. विहीर आजही तिथंच आहे. तिच्यावर घुमट आहे, घुमटाखाली लोखंडी हत्ती आहे आणि ही विहीर बनारसच्या महाराजांनी दिली, असं घुमटाखालच्या पट्टीवर इंग्रजीत गोल फिरवून लिहिलेलं आहे. गावाचं नाव स्टोक रो.

स्टोक रो हे ऑक्सफर्डशायर काउंटीतलं खेडं आहे, लंडनच्या पश्चिमेला. नौकांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध असलेलं हेन्ली-ऑन-टेम्स हे गाव तिथून आठेक किलोमीटरवर आहे. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेसहाशेच्या आसपास होती, म्हणजे आपल्याकडची एखादी मोठी सोसायटी. चिल्टर्न हिल्स नावाच्या टेकड्यांच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून साधारण दोनशे मीटर उंचीवर हे गाव वसलंय.

आता इंग्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पाऊस. बारा महिने भुरभुर, छत्री, ढगाळ आभाळ. मग अशा देशातल्या खेड्यात पाण्याची टंचाई कशी?

त्याचं उत्तर जमिनीत आहे. चिल्टर्नच्या टेकड्या खडूच्या दगडाच्या आहेत. फळ्यावर लिहायच्या खडूचं नाव ज्यावरून पडलं तोच हा मऊ, पांढरा, सच्छिद्र दगड. त्याच्यावर पडलेलं पाणी थांबत नाही, भेगांमधून खाली जात राहतं आणि पार तळाशी जाऊन साठतं. त्यामुळे टेकडीच्या पायथ्याला सुंदर झरे वाहतात आणि माथ्यावर मात्र ना ओढा, ना झरा. पाऊस डोक्यावर पडतो आणि पायाखालून निघून जातो.

माथ्यावर खडूच्या थरावर काही ठिकाणी चिकणमाती आणि गारगोट्यांचा पातळ थर आहे. त्या चिकणमातीमुळे तळी, डबकी तयार व्हायची. या भागात विटा आणि कौलं भाजायचा धंदा जुना. त्यासाठी माती काढून झाली की जे खड्डे उरायचे त्यात पावसाचं पाणी साचायचं. स्टोक रोचे लोक हेच पाणी वापरायचे. जनावरंही तेच प्यायची. उन्हाळा कोरडा गेला की तेही आटायचं, मग टेकडी उतरून खाली जायचं आणि भरलेल्या बादल्या घेऊन पुन्हा चढायचं. बायकांची आणि पोरांची ती रोजची वणवण. इथले लोक बहुतेक मजूर होते, कुणी शेतात राबायचं, कुणी वीटभट्टीवर, कुणी बीचच्या जंगलात बसून खुर्च्यांचे पाय घडवायचं. ते पाय पुढं हाय विकमच्या खुर्ची कारखान्यांना जायचे.

खोल विहीर खणली तर पाणी लागेल हे सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न खर्चाचा होता. शेदोनशे हात खणायचं तर पैसे कोण देणार? सरकार देईल अशी कुणाची अपेक्षाही नव्हती, कारण खेड्यातल्या घरांना पाणी मिळतंय की नाही हे बघायची जबाबदारी तेव्हा कायद्यानं कुणावरच नव्हती. ग्रामीण भागातल्या घरांना पाण्याची सोय असली पाहिजे, असं सांगणारा इंग्लंडचा कायदा आला १८७८ साली. आपली विहीर त्याच्या चौदा वर्षं आधीची.

मार खाणारी पोरं आणि बनारसचा राजा

स्टोक रोच्या शेजारी इप्सडेन नावाचं गाव आहे. तिथं रीड नावाचं जमीनदार घराणं होतं. या घरातला एक मुलगा, चार्ल्स रीड, पुढे इंग्रजीतला गाजलेला कादंबरीकार झाला. त्याचा थोरला भाऊ एडवर्ड अँडरडन रीड. जन्म १८०७ चा. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आला आणि उत्तर हिंदुस्थानात त्यानं तीसेक वर्षं काढली. आझमगड, गोरखपूर, बनारस असा सगळा आत्ताचा पूर्व उत्तर प्रदेश त्यानं पालथा घातला.

आझमगडला असताना, १८३१ मध्ये, तिथल्या लोकांसाठी एक विहीर खोदायला रीडनं मदत केली होती. त्यामागं गावाकडची आठवण होती. लहानपणी त्यानं स्टोक रोच्या बाजूला पोरांना आयांचा मार खाताना पाहिलं होतं. गुन्हा काय, तर घरात उरलेलं घोटभर पाणी पोरानं चोरून पिऊन टाकलं. एका विशिष्ट मुलाची गोष्ट म्हणूनही ही सांगितली जाते, तर कधी अशा पोरांना सर्रास मार पडायचा अशीही सांगितली जाते.

बनारसला असताना रीडची ओळख झाली महाराजा ईश्वरी प्रसाद नारायण सिंह यांच्याशी. १८३५ ते १८८९ अशी तब्बल ५४ वर्षं ते गादीवर होते. गंगेच्या पलीकडं रामनगरचा किल्ला हे त्यांचं राहण्याचं ठिकाण. रामनगरची जी महिनाभर चालणारी रामलीला आहे तिला या घराण्याचाच आश्रय, आणि या महाराजांच्या काळात तिला मोठं रूप आलं. साहित्य, संगीत, चित्रकला या सगळ्याची त्यांना आवड होती. भारतेंदू हरिश्चंद्रांसारखे लेखक त्यांच्या दरबारात येत-जात.

गप्पांच्या ओघात रीडनं महाराजांना आपल्या गावाकडच्या पाण्याची गोष्ट सांगितली. महाराजांच्या ती लक्षात राहिली. आणि राहणारच. गंगेच्या काठावर राज्य करणाऱ्या माणसाला, साहेबांच्या देशात पोरं पाण्यासाठी मार खातात हे ऐकून काय वाटलं असेल याचा अंदाज करता येतो. हिंदू राजधर्मात विहीर, तळं, घाट बांधणं हे पुण्यकर्म मानलं जातं. तहानलेल्याला पाणी देण्यासाठी पाणपोई घालायची पद्धतही तीच. तेव्हा विहीर खोदून देणं ही महाराजांच्या दृष्टीनं काही जगावेगळी कल्पना नव्हती. जगावेगळं होतं ते ठिकाण.

मध्ये १८५७ येतं

ही गोष्ट इथंच थांबवली तर ती फारच गोडगोड होईल. दोन मित्र, एक आठवण, एक दान. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी ती तशीच सांगितलेली सापडते. पण मध्ये १८५७ आहे आणि ते वगळून चालत नाही.

जून १८५७ मध्ये बनारसच्या छावणीत शिपायांनी उठाव केला. कर्नल नीलनं तो मोडला आणि त्यानंतर शहरात, आसपासच्या गावांत फाशीसत्र चालवलं. या सगळ्यात बनारसचे महाराज इंग्रजांच्या बाजूनं राहिले. तिकडं आग्र्याला लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्विन सप्टेंबरमध्ये वारले आणि आग्र्याच्या किल्ल्यात कोंडल्या गेलेल्या सरकारचा कारभार काही काळ ज्यांच्या हातात आला ते होते आपले रीडसाहेब. म्हणजे हे दोघं नुसते गप्पा मारणारे मित्र नव्हते. एक जण राज्य करणाऱ्यांचा मोठा अधिकारी, दुसरा त्या राज्याशी एकनिष्ठ राहिलेला राजा.

त्यात बनारसची स्थिती नाजूक. १७८१ मध्ये याच घराण्यातल्या राजा चेतसिंगानं वॉरन हेस्टिंग्जविरुद्ध बंड केलं आणि गादी गमावली. १७९४ च्या करारानं कारभाराचे बरेचसे अधिकारही कंपनीकडं गेले. किताब राजाचा, थाट राजाचा, पण हक्क मोठ्या जमीनदाराचे. बनारसला रीतसर संस्थानाचा दर्जा मिळाला तो थेट १९११ मध्ये. अशा राजाला इंग्रज दरबारात आपली पत टिकवणं गरजेचं होतं.

रीड १८६० मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतला. त्यानंतर महाराजांनी कळवलं की त्यांना इंग्लंडमध्ये काहीतरी लोकोपयोगी दान करायचं आहे. कशासाठी करायचं, तर ती पाण्याची गोष्ट त्यांच्या लक्षात होती. रीडच्या आझमगडच्या विहिरीची परतफेड म्हणूनही याकडं पाहिलं जातं.

मग हे पुण्य होतं, दोस्ती होती की राजकारण? तिन्ही असायला हरकत काय आहे? विहिरीचं उद्घाटन २४ मे या तारखेला, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी झालं, यावरून राजनिष्ठेचा भाग लपवलेला नव्हता हे दिसतंच. पण राजनिष्ठा दाखवायला लंडनच्या एखाद्या चौकात कारंजं बांधणं जास्त सोपं होतं, तसं पुढे इतरांनी केलंही. ज्या खेड्याचं नाव लंडनमध्ये कुणी ऐकलं नव्हतं तिथं कुणाच्या नजरेत न भरणारा खड्डा खणण्यात पैसे घालणं हे नुसत्या हिशेबी माणसाचं काम वाटत नाही.

अर्थात दुसरी बाजूही आहे. हा पैसा शेवटी बनारसच्या शेतकऱ्यांकडून आलेल्या साऱ्याचाच होता. आणि १८६०-६१ मध्ये त्याच वायव्य प्रांतात, आग्रा-दिल्लीच्या पट्ट्यात, मोठा दुष्काळ पडून गेला होता. स्टोक रोमध्ये कुदळ पडली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

३६८ फूट, हातानं

१० मार्च १८६३ ला खोदकाम सुरू झालं.

विहिरीची खोली ३६८ फूट आहे. मीटरमध्ये ११२. दिल्लीचा कुतुबमिनार साधारण ७३ मीटर उंच आहे, म्हणजे दीड कुतुबमिनार या विहिरीत उभा मावेल. लंडनमध्ये तुलना सेंट पॉल कॅथेड्रलशी करतात. ते ३६५ फूट उंच आहे. त्याचा कळस सुद्धा विहिरीच्या काठाबाहेर येणार नाही.

आणि रुंदी किती? फक्त चार फूट. मराठीत याला विहीर म्हणण्यापेक्षा आड म्हणणं जास्त बरोबर.

चार फुटांच्या नळीत तळाशी एखादा माणूस कसाबसा वाकून काम करू शकतो. यंत्र नाही, वीज नाही. मेणबत्तीच्या उजेडात कुदळीनं खणायचं, माती-दगड बादलीत भरायचा, वरच्यानं तो ओढून घ्यायचा. जितकं खाली जावं तितकी हवा कोंदट, वरून एखादी गारगोटी निसटली तरी डोक्यात बसणार. वरचं आभाळ बोटाच्या नखाएवढं. असं सव्वा वर्ष चाललं. ज्यांनी हे केलं त्या मजुरांची नावं घुमटावर नाहीत. घुमटावर नाव आहे ते पैसे देणाऱ्याचं, जसं सगळीकडं असतं.

या कामाला सुमारे ३५३ पौंड लागले. आज हा आकडा किरकोळ वाटतो. पण त्या काळात इंग्लंडमधल्या शेतमजुराला आठवड्याला दहा शिलिंगांच्या आसपास मजुरी मिळायची, म्हणजे वर्षाचे २६ पौंड. त्या हिशेबानं एका मजुराची तेरा-चौदा वर्षांची कमाई या एका विहिरीत गेली. गावानं वर्गणी काढून हे काम केलं असतं तर कधी पूर्ण झालं असतं ते देवालाच ठाऊक.

पाणी ओढायचं यंत्र जवळच्याच वॉलिंगफर्ड गावातल्या वाइल्डर कंपनीनं बनवलं. मोठं चाक, दात्यांची गिअर, आणि ते फिरवायला दांडा. एक पोहरा वर यायला जवळपास दहा मिनिटं लागायची. आपल्याला नळ उघडल्यावर गरम पाणी यायला दोन मिनिटं लागली तर चिडचिड होते, तिथं एका बादलीला दहा मिनिटं चाक फिरवायचं. पण टेकडी उतरून-चढून आणण्यापेक्षा हे कितीतरी बरं होतं. मुख्य म्हणजे पाणी स्वच्छ होतं. शेकडो फूट खडूच्या थरातून गाळून आलेलं. लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं दूषित पाणी पिऊन शेकडो माणसं कॉलरानं मेली ती १८५४ मध्ये, म्हणजे दहाच वर्षांपूर्वी. डबक्यातलं पाणी पिणाऱ्या गावासाठी या फरकाची किंमत काय असेल ते वेगळं सांगायला नको.

या यंत्रावर डौलात उभा आहे तो ओतीव लोखंडाचा हत्ती. सगळ्यावर लोखंडी खांबांनी पेललेला घुमट, टोकाला सोनेरी कळस. उंची २३ फूट. सगळीकडून उघडं, छत्रीसारखं. इंग्लंडच्या खेड्यात, विटांच्या बैठ्या घरांच्या शेजारी हे प्रकरण आजही थोडं विचित्र दिसतं. १८६४ मध्ये गावकऱ्यांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

२४ मे १८६४ ला विहीर लोकांसाठी खुली झाली. पाणी सगळ्यांना फुकट.

चेरीची बाग आणि माशाच्या आकाराचं तळं

विहीर खणून देणं सोपं, ती चालू ठेवणं अवघड. दोरखंड झिजतो, चाकाला तेल लागतं, राखणदाराला पगार लागतो. सरकारी योजनेत विहीर होते आणि वर्षभरात पंप बंद पडतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. रीडनं याचा विचार आधीच केला होता, आणि या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात शहाणपणाचा भाग हाच आहे.

विहिरीशेजारी महाराजांच्या पैशातूनच जमीन घेतली गेली आणि तिथं चेरीची झाडं लावली. चेरी विकून जे पैसे येतील त्यातून विहिरीची देखभाल करायची, अशी योजना. बागेला नाव दिलं इश्री बाग. महाराजांच्या ईश्वरी या नावावरून. बागेत एक तळं खोदलं, ते माशाच्या आकाराचं, कारण बनारसच्या राजचिन्हात मासे आहेत. विहिरीच्या बाजूलाच राखणदारासाठी एक छोटं अष्टकोनी घर बांधलं. दोन-तीनशे उंबऱ्यांच्या इंग्रज खेड्यात ‘बाग’ हा शब्द असा रूढ झाला.

हे सगळं आखलं, उभं केलं आणि त्यावर लक्ष ठेवलं ते रीडनं. निवृत्तीनंतरचं त्याचं बरंचसं आयुष्य या कामात गेलं. १८८६ मध्ये तो वारला.

महाराजांचंही लक्ष गावाकडं राहिलं. १८७१ मध्ये राणी व्हिक्टोरियाची मुलगी प्रिन्सेस लुईस हिचं लग्न झालं, तेव्हा त्याची आठवण म्हणून महाराजांनी गावात पायवाट करून दिली. मार्च १८८२ मध्ये विंडसरच्या रेल्वे स्टेशनवर राणीवर गोळी झाडली गेली, ती त्यातून बचावली. तेव्हा त्या आनंदात महाराजांनी स्टोक रोच्या लोकांना जेवण दिलं, शिवाय ब्रेड, चहा आणि साखर वाटली. इथं राजनिष्ठा आणि आपल्याकडची अन्नदानाची पद्धत यांची सरमिसळ झालेली दिसते. राणी वाचली म्हणून जेवण घालायचं, पण घालायचं कुणाला, तर आपण पाणी दिलेल्या गावाला.

महाराज स्वतः मात्र स्टोक रोला कधीच गेले नाहीत. आपण दिलेली विहीर त्यांनी डोळ्यांनी पाहिली नाही.

बनारसचं बघून बाकीचे

स्टोक रोच्या विहिरीनंतर भारतीय श्रीमंतांनी इंग्लंडमध्ये पाण्याची सोय करून देण्याची जणू एक छोटी लाटच आली. रीडचं मूळ गाव इप्सडेन, तिथं बनारसच्याच राजा सर देवनारायण सिंह यांनी विहीर दिली. विजयनगरमच्या महाराजांनी लंडनच्या हाइड पार्कमध्ये पाणी प्यायचं कारंजं बांधून दिलं. ते आता तिथं नाही.

लंडनमध्ये तेव्हा फुकट, स्वच्छ पाण्याच्या पाणपोया उभारायची चळवळच सुरू होती. त्यासाठी १८५९ मध्ये एक संस्था स्थापन झाली होती. लोक घाण पाणी टाळायला बिअर पितात, म्हणून पाणी द्या, असाही त्यामागं एक विचार होता. याच संस्थेमार्फत १८६९ मध्ये रीजंट्स पार्कमध्ये एक भलंमोठं दगडी कारंजं उभं राहिलं. त्याचे पैसे दिले होते मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. मुंबई विद्यापीठाचा फोर्टमधला दीक्षान्त सभागृह ज्यांच्या नावानं ओळखला जातो तेच हे पारशी शेठ. कारंज्यावरच्या मजकुरात हिंदुस्थानातल्या पारशी समाजाला इंग्रजी राज्यात मिळालेल्या संरक्षणाबद्दल कृतज्ञता म्हणून हे दान दिल्याचं नोंदवलंय. ते कारंजं आजही रेडीमनी फाउंटन याच नावानं ओळखलं जातं. लंडनला जाणारे मुंबईकर त्याच्यासमोरून फोटो न काढता पुढं जातात, कारण बहुतेकांना ते माहीतच नसतं.

फरक इतकाच की रेडीमनींचं कारंजं राजधानीतल्या राजेशाही बागेत आहे, येणारा-जाणारा प्रत्येक जण ते बघतो. स्टोक रोची विहीर मुद्दाम वाट वाकडी करून बघावी लागते.

पुढं काय झालं?

सत्तरेक वर्षं ही विहीर गावाला पाणी देत राहिली. मग नळ आले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला विहिरीचं चाक कायमचं थांबलं.

वापर संपला की वास्तूचं काय होतं हे आपण आपल्याकडच्या बारवांच्या बाबतीत रोज बघतो. इथंही विहीर दुर्लक्षित होऊ शकली असती. पण १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ भारतदौऱ्यावर आली आणि वाराणसीला गेली. तेव्हाचे महाराजा विभूती नारायण सिंह यांनी तिला स्टोक रोच्या विहिरीची हस्तिदंती प्रतिकृती भेट दिली. शंभर वर्षांपूर्वी पूर्वजानं दिलेलं दान बनारसच्या घराण्याच्या लक्षात होतं. तोवर भारत स्वतंत्र झाला होता, महाराजांचं राज्यही भारतात विलीन झालं होतं.

१९६४ ला विहिरीला शंभर वर्षं झाली. त्या सोहळ्याला राणीचे पती प्रिन्स फिलिप स्टोक रोला आले. वाराणसीहून गंगेचं पाणी आणलं होतं, ते समारंभानं या विहिरीत ओतलं गेलं. हिंदू घरात नवीन विहिरीची पूजा झाल्यावर जे केलं जातं तेच, फक्त शंभर वर्षं उशिरा. चिल्टर्नच्या खडूत साठलेल्या पाण्यात गंगाजल मिसळलं.

आता विहिरीची देखभाल एक विश्वस्त निधी करतो. १९८० च्या सुमाराला मोठी डागडुजी झाली, रंगरंगोटी झाली. ही संरक्षित वारसा वास्तू आहे. बघायला तिकीट नाही. आत पडू नये म्हणून तोंड झाकलेलं आहे, त्यामुळे पाणी काढता येत नाही, पण वाकून खाली पाहता येतं. मूळचं यंत्र, त्यावरचा हत्ती, राखणदाराचं अष्टकोनी घर, मागची बाग आणि माशाचं तळं, हे सगळं जागेवर आहे. वसंतात चेरी फुलते. गावातल्या एका जुन्या पबचं नावही चेरी ट्री आहे.

कधी लंडनला जाणं झालं आणि एक दिवस हातात असला तर पॅडिंग्टन स्टेशनवरून रेडिंगपर्यंत ट्रेन मिळते. तिथून स्टोक रो पंधरा किलोमीटरच्या आत आहे, पण गाव आडवाटेला असल्यानं गाडी केलेली बरी. रीजंट्स पार्कमधलं रेडीमनींचं कारंजं त्याच दिवशी सकाळी बघून निघता येतं.